फोटो खोटा, खरं चेहरा माझाच

लग्न होऊन साताऱ्याहून इकडे आले तेव्हा पहिले काही महिने इथल्या मराठीने मला फार चकवलं. "येणार होते बघ, खरं पाऊस लागला," असं शेजारीण म्हणाली की मी तिच्या तोंडाकडे बघत राहायची. खरं काय ते आता सांगेल, असं वाटायचं. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात 'खरं' म्हणजे 'पण', हे कळायला वेळ लागला. आता पस्तीस वर्षं झाली, मीही तसंच बोलते. हा लेख लिहायला बसले तीही या एका शब्दामुळेच.

सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता. गावाचं नाव लिहिणार नाही, आणि पुढे जे सांगणार आहे त्यातल्या काही खुणा मुद्दाम बदलल्या आहेत. ज्या मुलीबद्दल लिहिते आहे तिला कुणी ओळखू नये, एवढंच त्यामागे आहे.

सासरे निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करायचे. तिरक्या डेस्कवर दुधी काच, काचेमागे दिवा, वर निगेटिव्ह, आणि हातात सुईसारखं टोक केलेली पेन्सिल. निगेटिव्हवर काळं भरलं की प्रिंटवर तेवढी जागा उजळते. हे उलटं गणित डोक्यात बसलं की हात आपोआप चालायला लागतो. त्यांनी मला ते शिकवलं. सुनेने डार्करूममध्ये बसावं हे त्या काळी कुणाला पटत नव्हतं, त्यांना पटलं. मी देवीचे वण बुजवले, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसली. फ्लॅशला मिटलेले डोळे उघडले; एक डोळा नीट उघडायला एक अख्खी दुपार जायची. एकदा एक नवी नवरी तिच्या वारलेल्या वडिलांचा जुना पासपोर्ट फोटो घेऊन आली. लग्नाच्या ग्रुप फोटोत त्यांना आईशेजारी बसवून द्याल का, म्हणाली. कापून, चिकटवून, ब्रशने कडा मिळवून, पुन्हा फोटो काढून मी तो करून दिला. ती काउंटरवर उभी राहून त्या फोटोवरून बोट फिरवत राहिली आणि मग रडली. तिला ठाऊक होतं की वडील त्या मांडवात नव्हते. तरी रडली.

बनवलेला फोटो माणसाचं काय करू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. तो बनवलेला आहे हे माहीत असूनही तो लागतो. चांगल्यासाठी केला तरी लागतो, वाईटासाठी केला तरी.

२०२४ चा श्रावण. शटर अर्धं खाली ओढलं होतं, बाहेर धो धो पाऊस. आमच्याच गल्लीतली एक बाई वाकून आत आली. मोबाईल तिने उलटा धरला होता, पडदा छातीकडे. "अक्का, एवढं बघून सांगा," म्हणाली. "हे असं करता येतं काय?"

मी क्षणभरच पाहिलं. तिच्या मुलीचा फोटो. मुलगी नववीतली. काय केलं होतं ते लिहिणार नाही, लिहायची गरजही नाही. पण मी आधी ओळखला तो चेहऱ्यावरचा उजेड. डावीकडून छत्रीचा लाईट, उजव्या गालावर हलकी सावली, कानातल्या रिंगवर एक बारीक ठिपका. तो उजेड माझा होता. जानेवारीत शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचाच्या ग्रुपचे फोटो मीच काढले होते, आणि त्यातले चार-पाच चांगले वाटले म्हणून आमच्या स्टुडिओच्या व्हॉट्सॲप स्टेटसला लावले होते. पोरींच्या आयांना कुणालाही विचारलं नव्हतं. चांगलं काम झालं की दाखवायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. शोकेसमध्ये गावातल्या पोरींचे मोठे केलेले फोटो आम्ही वर्षानुवर्षं लावत आलो. शोकेसमधला फोटो काचेमागे राहायचा. स्टेटसवरचा कुणाच्याही हातात जातो.

"करता येतं," मी म्हणाले. "आता कुणालाही करता येतं." मला एका डोळ्याला दुपार लागायची. आता कपडे घातलेल्या माणसाचा फोटो घालायचा आणि मिनिटभरात नको ते बाहेर येतं, अशी ॲप निघाली आहेत. कौशल्य लागत नाही, दिवा लागत नाही, हाताला सवय लागत नाही.

त्यानंतरच्या आठ दिवसांत मी एकच वाक्य इतक्या तोंडांतून ऐकलं की कान किटले. "खोटा आहे ना फोटो? मग कशाला घाबरायचं?" मुलीचा मामा म्हणाला. शाळेतल्या जबाबदार माणसाने सांगितलं, फोटो खरा नाही, प्रकरण वाढवू नका, मुलीचंच नाव खराब होईल. गल्लीतल्या बायका जवळ बसून पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, आम्हाला माहीत आहे गं, तू तशी नाहीस. सगळ्यांना तिला धीर द्यायचा होता. आणि मुलगी दिवसेंदिवस गप्प होत गेली. तिची शाळा सुटली. आरशावर तिने ओढणी टाकली, असं तिची आई म्हणाली.

वडील तक्रार द्यायला गेले. ज्या नंबरवरून फोटो पहिल्यांदा गटात पडला तो सीमेपलीकडचा होता, कोल्हापूर जिल्ह्यातला. ठाण्यात सांगण्यात आलं, हे महाराष्ट्राचं आहे, तिकडे जा. आमच्या भागातल्या माणसाला हे वाक्य नवं नाही. १९५६ पासून कुठलं काय कुणाकडे याचा वाद घालणारी माणसं आम्ही. २००४ पासून तो खटला सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. पण मोबाईलमधल्या फोटोला सीमेवरचा नाका अडवत नाही. त्याच वर्षी १ जुलैला नवे फौजदारी कायदे लागू झाले होते, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. नोंदवा, मग ज्या हद्दीचं आहे तिकडे पाठवा. आमच्या ओळखीच्या एका वकिलाने ते कलम कागदावर लिहून दिलं. तो कागद घेऊन वडील दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले तेव्हा तक्रार घेतली गेली. कलम तोंडपाठ असलेला वकील ओळखीचा नसता तर काय झालं असतं, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

मग एक महिला उपनिरीक्षक मुलीचा जबाब घ्यायला घरी आल्या. साडीत आल्या, वर्दीत नाही. मला तेव्हा ते त्यांचं चांगलेपण वाटलं. नंतर वाचलं की बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यात, ज्याला सगळे पोक्सो म्हणतात, २४ व्या कलमात हे लिहून ठेवलेलं आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यावा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यावा, आणि त्या वेळी अंगावर वर्दी नसावी. ज्याने कुणी हे कलम लिहिलं, त्याने घाबरलेलं लेकरू जवळून पाहिलं असणार. पण बाई चांगल्या होत्या हेही खरंच.

अडचण भाषेची आली. त्यांना मराठी जुजबी, मुलीला कन्नड शाळेपुरतं. गणितातलं कन्नड वेगळं आणि असलं काही सांगायचं कन्नड वेगळं. "नीव हेळ्री, अक्का," त्या मला म्हणाल्या, तुम्ही सांगा. त्याच कायद्यात २६ व्या कलमात दुभाष्याची सोय आहे. पात्रता असलेला, अनुभव असलेला, फी देऊन बोलावलेला दुभाषी. तो कोण, कुठे बसतो, आमच्या तालुक्यात कुणाला ठाऊक नव्हतं. मी होते. काउंटरवर गिऱ्हाइकांशी बोलून शिकलेलं माझं कन्नड, 'किती कॉपी, कधी मिळेल' एवढ्या मापाचं.

मुलगी बराच वेळ खाली बघत होती. मग म्हणाली, "फोटो खोटा आहे मावशी, खरं चेहरा माझाच आहे."

मी कन्नडमध्ये सांगितलं. 'सुळ्ळ' म्हणजे खोटं, हा शब्द पटकन आला. पुढच्या 'खरं'पाशी मी अडखळले. तिला 'पण' म्हणायचं होतं, आणि तिला 'खरंच' असंही म्हणायचं होतं. इकडच्या कन्नडमध्येही 'खरे' हा शब्द आहे, सत्य या अर्थाने. मी तोच वापरला. बाई लिहीत होत्या. शेवटी त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हा त्यात एवढंच होतं की फोटो नकली आहे असं मुलीचं म्हणणं आहे. अर्धं वाक्य गेलं होतं. मी तसं सांगितलं. त्यांनी पेन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. मुलीच्या आईने मराठीत सही केली, तिला न वाचता येणाऱ्या कागदावर.

त्या रात्रीपासून मी कायदा वाचायला लागले. दहावी शिकलेली बाई मी, पण फोटोबद्दलचं आहे म्हटल्यावर वाचता आलं. आणि एक गोष्ट पाहून मला समाधान वाटलं: कायदा अगदीच झोपलेला नाही. २०१९ मध्ये पोक्सोत जी दुरुस्ती झाली तिच्यात 'चाइल्ड पोर्नोग्राफी'ची व्याख्या घातली गेली, आणि त्या व्याख्येत केवळ कॅमेऱ्याने टिपलेला फोटो किंवा व्हिडिओ येत नाही. खऱ्या मुलापासून वेगळी ओळखता न येणारी संगणकावर तयार केलेली प्रतिमा येते, आणि तयार केलेली, जुळवलेली किंवा बदललेली पण मूल दाखवते असं वाटणारी प्रतिमाही येते. म्हणजे 'खोटा आहे ना' हे उत्तर कायद्याने पाच वर्षं आधीच खोडून काढलं होतं. शाळेत कुणाला ते माहीत नव्हतं. १९ व्या कलमाप्रमाणे असा गुन्हा कळला की कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हेही माहीत नव्हतं. आणि मी कुणाला बोलू? २० व्या कलमात चक्क फोटो स्टुडिओंचा उल्लेख आहे. असलं काही नजरेस पडलं तर स्टुडिओवाल्याने पोलिसांना कळवायचं. आमच्या धंद्याचं नाव या कायद्यात बारा वर्षं लिहिलेलं होतं आणि मला एकानेही सांगितलं नव्हतं.

पण व्याख्या परत परत वाचल्यावर मला तिची शिवण दिसायला लागली. ती सुरू होते 'लैंगिक कृत्याचं चित्रण' या अर्थाच्या शब्दांनी, आणि तसं कृत्य म्हणजे काय याची व्याख्या त्या कायद्यात नाही. नुसते कपडे उतरवलेला बनावट फोटो, ज्यात कृत्य असं काही नाही, त्यावर बचावाचा वकील बोट ठेवणार. आयटी कायद्याचं ६७ ब कलम आहे, पोक्सोचंच १३ वं कलम अश्लील चित्रणाबद्दल बोलतं, त्यांचा आधार घेता येतो. पण चौदा वर्षांच्या मुलीने न्यायालयात उभं राहायचं आणि तिच्या फोटोत नेमकं काय आहे, काय नाही याची मोजदाद व्हायची, ही वेळच का यावी? आणि 'खऱ्यापासून वेगळी ओळखता न येणारी' ही अट मला फोटोग्राफर म्हणून खटकते. उद्या कुणी वाईट, ओबडधोबड काम केलं, मानेपाशी जोड दिसला, बोटं सहा आली, तर त्या मुलीचा चेहरा तिचा राहत नाही का? सफाई कमी म्हणून इजा कमी होत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कायद्याने फोटो किती खरा दिसतो हे विचारूच नये. चेहरा खऱ्या मुलाचा आहे का, एवढं विचारावं. तो असेल तर पुढचं काहीही तपासायची गरज नाही.

ब्रिटनमध्ये १९७८ च्या बालसंरक्षण कायद्यात १९९४ मध्ये 'स्यूडो-फोटोग्राफ' असा शब्द घातला गेला, म्हणजे फोटोसारखी दिसणारी बनवलेली प्रतिमा. १९९४! तेव्हा आमच्याकडे अजून रोल धुतले जात होते. अमेरिकेत २००२ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने, खरं मूल वापरलेलंच नाही अशा संगणकी प्रतिमांवरची बंदी रद्द केली, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा होता. खऱ्या मुलाचा फोटो बदलून केलेल्या प्रतिमांचं कलम त्या खटल्यात आव्हानाखाली नव्हतं, त्याला हात लागला नाही. तो फरक मला महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनने २०२५ मध्ये आणखी पुढचं विधेयक मांडलं: असल्या प्रतिमा बनवण्यासाठीच तयार केलेलं एआयचं साधन जवळ बाळगणं हाच गुन्हा. आपल्याकडे फोटोवर कायदा आहे, तो बनवणाऱ्या यंत्राचं नाव त्यात नाही. बनावट नोटा छापायचं यंत्र घरात ठेवणं गुन्हा आहेच ना?

त्याच भाद्रपदात, २३ सप्टेंबर २०२४ ला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला यांचं खंडपीठ. मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं होतं की असलं साहित्य नुसतं जवळ ठेवणं, बघणं हा गुन्हा नाही. तो निकाल रद्द झाला. आणि न्यायालयाने शब्दावर बोट ठेवलं. 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्द न्यायालयांनी वापरू नये, संसदेने तो बदलून मुलांचं लैंगिक शोषण आणि अत्याचार दाखवणारं साहित्य असा शब्द घालावा, असं सुचवलं. शब्दाने काय होतं, असं वाटणाऱ्यांनी आमच्या गल्लीत यावं. 'पोरीचा घाण फोटो आला' असं जो तो म्हणत होता. घाण तिची. 'तिच्यावर अत्याचार झाला' असं एकाने म्हटलं असतं तर तिने आरसा झाकला नसता, असं मला वाटतं.

आता पुढचं लिहायला मला जड जातं, कारण ती माणसं माझी आहेत. फोटो एका मुलाने टाकला असेल, पण पसरला तो आमच्या हातांनी. "बघा काय चाललंय, आपापल्या मुलींना सांभाळा," असं वर लिहून बायकांनी तो बायकांच्या गटात पाठवला. भजनी मंडळाच्या गटात गेला. काळजीने गेला. पोक्सोच्या पंधराव्या कलमाला काळजी कळत नाही आणि कळूही नये. असा फोटो पुढे पाठवला की तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पाठवायच्या इराद्याने नुसता ठेवला, नष्ट केला नाही, कळवला नाही, तर पहिल्या वेळी कमीत कमी पाच हजार दंड. मी दोन संध्याकाळी घरोघर गेले. प्रत्येकीच्या समोर बसून तिच्या हातून तो पुसायला लावला, गॅलरीतून आणि डिलीट झालेल्यांच्या कप्प्यातूनही. काही जणींनी तोंड फिरवलं. एकीने मला विचारलं, "तुझ्याच स्टेटसवरचा होता म्हणे?" मी हो म्हणाले. त्याच रात्री मी माझं जुनं सगळं काढून टाकलं, आणि शोकेसमधले मुलींचे फोटोही उतरवले. पुरावा म्हणून फोन फक्त वडिलांनी पोलिसांत जमा केला.

फोटो करणारा मुलगा सोळा वर्षांचा निघाला. सीमेपलीकडच्या गावचा, इथे मामाकडे शिकायला राहिलेला. एक दिवस त्याची आई स्टुडिओत आली. मला वाटलं भांडायला आली. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "त्यानं असं का केलं ते तो मला सांगंना. तुम्हाला सांगेल काय?" मी काय उत्तर देणार होते?

या बाबतीत माझ्या मनात दोन्ही बाजूंनी ओढ आहे. स्पेनमध्ये आल्मेंद्रालेखो नावाच्या गावात २०२३ मध्ये असंच झालं होतं, शाळकरी मुलींचे फोटो शाळकरी मुलांनी एआयने बदलले. पुढच्या वर्षी तिथल्या बालन्यायालयाने पंधरा मुलांना एक वर्षाच्या देखरेखीखाली ठेवलं आणि त्यांना शिक्षणाचे वर्ग लावले. आपल्याकडे बाल न्याय कायदा, २०१५ त्या वयाच्या मुलाला बाल न्याय मंडळासमोर नेतो. समुपदेशन, समाजसेवा, फार तर तीन वर्षं विशेष गृह. हे योग्य आहे असं मी मानते, मुलीच्या आईसमोरही मानते, आणि तिला ते पटत नाही हेही मला समजतं. पण वाटेत पोलीस, शाळा, गावची पंच मंडळी यांपैकी प्रत्येकाला मिटवून टाकायचं होतं. माफीचा कागद करून द्या, वर्ष वाया जाईल पोराचं. मुलीचं वर्ष गेलेलंच होतं, त्याची बेरीज कुणी करत नव्हतं. मिटवणं आणि सुधारणं यांत फरक आहे. कायदा बदलताना मधली वाट लिहून ठेवायला हवी: मुलाने काय केलं ते त्याच्या तोंडून वदवून घेणारी, आणि त्याला तुरुंगाच्या दारात न टाकणारी. ती लिहिलेली नसली की गाव आपली वाट काढतं, आणि गावाची वाट नेहमी मुलीच्या अंगावरून जाते.

प्रकरण मंडळासमोर आहे. त्याबद्दल अधिक लिहिणं बरोबर नाही.

मुलगी शाळेत परत गेली. दुसऱ्या शाळेत. यंदा तिची एसएसएलसी, म्हणजे इकडची दहावी. मागच्या महिन्यात परीक्षेच्या अर्जासाठी फोटो हवा म्हणून एकटीच आली. आई बरोबर नव्हती. मी तिला विचारलं, दुसऱ्या स्टुडिओत जायचं असेल तर जा, मला वाईट वाटणार नाही. "न्हाई मावशी," म्हणाली, "इथंच काढा."

पांढरा पडदा लावला. तिला बसवलं. डावीकडून छत्रीचा लाईट मी लावणार होते, तो बाजूला सरकवून समोरून लावला. एक फोटो घेतला, दाखवला, तिला चालला. संगणकावर उघडला. हनुवटीवर एक मुरूम होता, हाताच्या सवयीने माझा माऊस तिकडे गेला.

"काही बदलू नका हं."

मी हात काढून घेतला. आठ प्रती छापल्या, कापल्या. तिच्यासमोर फाईल पुसली, कार्ड रिकामं केलं, पडदा तिच्याकडे वळवून दाखवलं. प्रती पाकिटात घालून दिल्या. तिने पाकीट तिथेच उघडलं, सगळ्या काउंटरवर ओळीत मांडल्या, आणि एक ते आठ मोजून घेतल्या.